‘पित्ताची गोळी द्या’ : नीटच्या एका धड्याचं प्रकरण

माझं बार्शीत मेडिकल आहे. डी. फार्म. करून काउंटरमागे उभा राहिलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. शिकवणं हा काही माझा धंदा नाही. तरी २०२३ च्या जानेवारीपासून मेपर्यंत मी एका मुलीला एकच धडा शिकवला, त्यातला बराचसा बरोबर आणि थोडा चुकीचा. ‘दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र’ असं त्याचं नाव. बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातला अगदी शेवटचा धडा. मुलगी म्हणजे माझी सख्खी भाची. नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, दुसरा प्रयत्न करायला ती आमच्याकडे राहायला आली होती.

या धड्याकडे कुणी फारसं बघत नाही. पेपरात त्याच्यावर येऊन येऊन एक प्रश्न, फार तर दोन. बरोबर आला तर चार गुण, चुकला तर एक वजा. त्यासाठी साठ-सत्तर नावं पाठ करायची. त्यात त्या वर्षी आणखी एक गोंधळ होता. एनसीईआरटीने अभ्यासक्रम कमी करताना हा धडा वगळल्याचं २०२२ मध्येच जाहीर झालं होतं. भाचीच्या क्लासच्या ग्रुपवर ‘शेवटचा धडा गेला, सोडून द्या’ असे मेसेज फिरत होते. पण पुस्तकातून धडा जाणं वेगळं आणि परीक्षेतून जाणं वेगळं. नीट २०२३ च्या अधिकृत अभ्यासक्रमात तो तसाच होता : औषधं, खाद्यपदार्थांतली रसायनं, साबण आणि डिटर्जंट. मी तो कागद तिला मोबाइलवर उघडून दाखवला, तेव्हा तिचा चेहरा पडला. सुटलेला धडा परत मानगुटीवर बसला होता.

तिची पद्धत चारचौघींसारखीच होती. पलंगाशेजारच्या भिंतीवर ड्रॉइंग शीट, त्यावर सात-आठ रकाने, प्रत्येक रकान्यात वेगळ्या रंगाने नावं. सिमेटिडीन, सेल्डेन, इक्वानिल, नॉव्हेस्ट्रॉल. रात्री झोपताना ती ते तोंडाने म्हणायची, पाढे म्हणावेत तसं. क्लासच्या चाचणीत या धड्यावर पाच प्रश्न आले, त्यातले तीन चुकले. चुकले तेही विचित्र रीतीने. नावं सगळी ओळखीची वाटली, पण कुठलं कुठल्या रकान्यातलं तेच आठवेना. “मामा, सगळी नावं सारखीच दिसतात हो. सगळ्यांच्या शेवटी ‘ईन’.”

मी म्हटलं, उद्या संध्याकाळी वही घेऊन दुकानात ये. काउंटरच्या आत बस, पण औषध कुणालाही द्यायचं नाही. नुसतं बघायचं आणि लिहायचं.

कुठलं पित्त?

पहिल्याच संध्याकाळी सातच्या सुमारास वैरागकडचा एक शेतकरी आला. “पित्ताची गोळी द्या.” मी सवयीने विचारलं, “पोटातलं का अंगावरचं?” त्याने शर्टाची बाही वर केली. दंडावर लालसर गांध्या उठल्या होत्या. मी सेट्रिझिनच्या दोन गोळ्या दिल्या, झोप येईल तेव्हा गाडी चालवू नका म्हणून सांगितलं, आणि दोन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरकडे जा म्हटलं. दहा मिनिटांनी गल्लीतली एक आजी आली. तीही म्हणाली, “पित्ताची गोळी दे रे बाबा.” तिला घशाशी आंबट येत होतं. तिला मी दुसऱ्या कप्प्यातली चघळायची गोळी दिली.

भाची वहीत काही लिहीत नव्हती. ती माझ्याकडेच बघत होती. “दोघांनी एकच मागितलं, आणि तुम्ही दोन वेगळी औषधं दिलीत.”

मग मी तिला विचारलं, पुस्तकात हिस्टामीन हा शब्द किती ठिकाणी आलाय? तिने पानं उलटली. दोन ठिकाणी होता. एकदा अँटासिडच्या भागात : हिस्टामीनमुळे जठरात पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. एकदा अँटिहिस्टामीनच्या भागात : सर्दी, परागकणांची अ‍ॅलर्जी, खाज यांच्या मागे हिस्टामीन असतं. पोटातलं पित्त आणि अंगावरचं पित्त, दोन्हींच्या मुळाशी एकच रेणू. आपल्या आज्यांनी दोन्हींना एक नाव का दिलं हे मला ठाऊक नाही. त्यांना हिस्टामीन माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण नाव चांगलं पडलंय.

मग एकच गोळी दोन्हींवर का चालत नाही? हा प्रश्न पुस्तकातच आहे, जरा वेगळ्या शब्दांत : अ‍ॅलर्जीवरच्या औषधाने पोटातल्या आम्लावर परिणाम का होत नाही? भाचीने त्याचं उत्तर पाठ केलं होतं, ‘कारण ती वेगवेगळ्या ग्राहींवर काम करतात.’ वाक्य तोंडपाठ, अर्थ शून्य. मी काउंटरवरची दोन कुलुपं पुढे ठेवली, एक शटरचं आणि एक गल्ल्याचं. हिस्टामीन ही अशी किल्ली आहे की ती दोन्ही कुलुपांत फिरते. कातडीतल्या, नाकातल्या कुलपाला एच-१ म्हणतात, जठराच्या भिंतीतल्याला एच-२. सेट्रिझिन काय करतं, तर शटरच्या कुलपात काडी घालून ठेवतं. किल्ली आत जात नाही. पण गल्ल्याचं कुलूप उघडंच राहतं. सिमेटिडीन आणि रॅनिटिडीन गल्ल्याच्या कुलपात काडी घालतात. पुस्तकात ज्याला ‘अँटॅगोनिस्ट’ म्हटलंय ती ही काडी.

तिने वहीच्या पहिल्या पानावर दोन कुलुपं काढली आणि खाली लिहिलं : अंगावरचं – ब्रोमफेनिरामाइन, टरफेनाडीन. पोटातलं – सिमेटिडीन, रॅनिटिडीन. त्या चार नावांची तिची गल्लत पुन्हा कधी झाली नाही.

त्या आजीला दिलेल्या गोळीची गोष्ट मात्र निराळी होती. ती कुलपाच्या भानगडीत पडतच नाही. जे आम्ल सुटून गेलंय त्याला ती जागेवर उदासीन करते. त्यातही पुस्तकात एक बारीक फरक सांगितलाय आणि तो माझ्या फळीवर शेजारी शेजारी मांडलेला होता. फसफसणाऱ्या पुडीवर मागच्या बाजूला लिहिलेलं असतं ‘स्वर्जिक्षार’ आणि ‘निंबुकाम्ल’, म्हणजे आपला खायचा सोडा आणि लिंबातलं आम्ल. शेजारच्या गुलाबी बाटलीवर अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. सोडा पाण्यात पूर्ण विरघळतो. जास्त झाला तर पोट अल्कधर्मी होतं आणि मग जठर उलट आणखी आम्ल सोडतं. हायड्रॉक्साइडं विरघळत नाहीत, त्यामुळे पीएच उदासीनच्या वर जाऊ देत नाहीत. मी दोन्ही दोन ग्लासांत ढवळून दाखवली. एक स्वच्छ झालं, दुसरं ताकासारखं पांढरं राहिलं. ती गुलाबी बाटली हलवून का घ्यायची हेही तिला त्यातच समजलं.

दोन रकाने

पुढचे तीन आठवडे ती रोज तासभर यायची. वहीत दोन रकाने केले : ‘पुस्तकात’ आणि ‘दुकानात’. काही नावं दोन्हीकडे सापडायची, काहींचा भाऊबंद सापडायचा. पुस्तकात ब्रोमफेनिरामाइन आहे, माझ्याकडे ते नाही. पण सर्दीच्या जवळजवळ प्रत्येक सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइन असतं. रेणू तोच, फक्त एका जागी ब्रोमीनऐवजी क्लोरीन. हॅलोजनचा गट तिला पाठ होताच. एका अणूची अदलाबदल बघितल्यावर ते लांबलचक नाव तिला आपलंसं वाटायला लागलं.

अ‍ॅस्पिरिन तिने घरातूनच आणलं. तिची आजी, म्हणजे माझी आई, हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅमची गोळी घेते. घरात तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. भाचीला ती आणि पुस्तकातलं वेदनाशामक अ‍ॅस्पिरिन एकच हे माहीत नव्हतं. पुस्तकात दोन्ही आहे : प्रोस्टाग्लँडिन हे वेदना जागवणारं शरीरातलं रसायन तयार होणं थांबवून वेदना कमी करणं, आणि रक्ताची गुठळी होऊ न देणं. शिवाय ते नशा न आणणारं वेदनाशामक. नशा आणणारी म्हणजे मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन. २०२१ च्या नीटमध्ये नेमकं हेच उलटं करून दोन विधानं दिली होती : अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉल नार्कोटिक, मॉर्फिन आणि हेरॉइन नॉन-नार्कोटिक. दोन्ही चूक. “आजी रोज नार्कोटिक घेते म्हणायचं का मग?” असं म्हणून ती हसली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो डेटॉलवर, आणि मराठीनेच घोळ घातला होता. आपण सगळ्यालाच ‘जंतुनाशक’ म्हणतो. जखमेवर लावायचं ते जंतुनाशक, फरशी पुसायचं तेही जंतुनाशक. परीक्षेला मात्र अँटिसेप्टिक आणि डिसइन्फेक्टंट हे दोन वेगळे डबे. पहिलं जिवंत कातडीवर लावता येतं, दुसरं निर्जीव वस्तूवरच. परिभाषेत अँटिसेप्टिकला ‘पूतिरोधक’ असा शब्द आहे, पण गेल्या वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने माझ्याकडे पूतिरोधक मागितलेलं नाही. गंमत म्हणजे एकच पदार्थ दोन्हीकडे बसू शकतो. फिनॉलचं ०.२ टक्के द्रावण अँटिसेप्टिक, १ टक्का झालं की डिसइन्फेक्टंट. (घरात आपण ज्याला फिनेल म्हणतो त्यातल्या पांढऱ्या बाटल्या बहुतेक पाइन तेलाच्या असतात. नावावरून गफलत नको.)

डेटॉलच्या बाटलीवर तिला वाचायला लावलं : क्लोरोझायलेनॉल ४.८ टक्के, टर्पिनिऑल ९ टक्के. झाकणभर पाण्यात ओतलं, पाणी दुधाळ झालं. २०१७ च्या पेपरात हेच विचारलं होतं, क्लोरोझायलेनॉल आणि टर्पिनिऑल यांचं मिश्रण काय म्हणून वापरतात. मग शेजारची सॅव्हलॉनची बाटली दिली. त्यावर क्लोरोझायलेनॉल नाही, सेट्रिमाइड आहे. “हे तर डिटर्जंटच्या पानावर आहे!” ती जवळजवळ ओरडलीच. सेट्रिमाइड म्हणजे लांब शेपटीचे अमोनियम ब्रोमाइड क्षार. पुस्तकातल्या सेटिलट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइडचे सख्खे भाऊ. कॅटायनिक (धनप्रभारित) डिटर्जंट महाग असतात, केसांच्या कंडिशनरमध्ये वापरतात आणि ते जंतू मारतात, अशी तीन सुटी विधानं तिने पाठ केली होती. एका बाटलीने त्यातलं तिसरं सिद्ध केलं, पहिलं मी किंमत सांगून पटवलं आणि दुसरं तिने मामीच्या न्हाणीघरातल्या कंडिशनरवर शोधून काढलं. टूथपेस्टच्या खोक्यावर सोडियम लॉरिल सल्फेट सापडलं, तो अ‍ॅनायनिक (ऋणप्रभारित). २०२० चा प्रश्न हाच होता, यातला कॅटायनिक कोणता.

प्रतिजैविकांत मी फार वेळ घालवला नाही. एकच वाक्य दिलं : काही मारतात, काही थोपवतात. पेनिसिलिन, अमिनोग्लायकोसाइड, ऑफ्लॉक्सासिन मारणारी. एरिथ्रोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल वाढ थोपवणारी. त्यांची आद्याक्षरं ‘ई-टी-सी’, हे क्लासवाल्यांनी आधीच शिकवलं होतं. ते चांगलंच आहे, मी त्यात काय भर घालणार? पल्ल्याचं, म्हणजे कुठलं औषध किती प्रकारच्या जंतूंवर चालतं ते, मात्र तिला लिहून घ्यायला लावलं : पेनिसिलिन-जी अरुंद पल्ल्याचं, अ‍ॅम्पिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन रुंद पल्ल्याची. २०१९ ला अरुंदच विचारलं होतं.

गर्भनिरोधकांच्या पानावर आम्ही दोघंही अडखळलो. मामाने भाचीला ते समजावून सांगणं आमच्या घरात अजून जमत नाही. मी मामीला दुकानात बोलावलं आणि चहाला निघून गेलो. परत आलो तेव्हा वहीत लिहिलेलं होतं : ‘नॉरएथिन्ड्रोन = नॉरएथिस्टेरॉन. गौरी-गणपतीच्या आधी बायका पाळी पुढे ढकलायला मागतात ती गोळी.’ हे पुस्तकात कुठेही नाही. मामीने वीस वर्षं घरातून माझा धंदा ऐकलाय, त्यातून आलेलं हे ज्ञान.

जिथे मी चुकलो

फेब्रुवारीत क्लासची मोठी सराव परीक्षा झाली. रात्री ती दुकानात आली ती तणतणत. या धड्यावरच्या जोड्या लावायच्या प्रश्नात वजा एक. प्रश्न साधा होता. औषधांचे चार वर्ग, चार नावं. सिमेटिडीनसमोर तिने काहीच लावलं नव्हतं, आणि मग उरलेल्या जोड्याही घसरल्या होत्या.

“का लावलं नाहीस?”

“तुम्हीच म्हणालात, सिमेटिडीन अँटासिड नाही म्हणून.”

म्हणालो होतो, हे खरं. पहिल्याच आठवड्यात, मोठ्या तोऱ्यात. औषधशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. अँटासिड म्हणजे तयार आम्लाला उदासीन करणारं. सिमेटिडीन आम्ल तयारच होऊ देत नाही, ते एच-२ अवरोधक. आमच्या धंद्यात हे दोन वेगळे वर्ग आहेत. पुस्तकात मात्र ‘अँटासिड’ या एकाच मथळ्याखाली सोडा, हायड्रॉक्साइडं, सिमेटिडीन आणि रॅनिटिडीन असं सगळं येतं. परीक्षा घेणारा मथळा बघतो. तिने २०२२ चा पेपर माझ्यासमोर आपटला. त्यात तीच जोडी, अँटासिड आणि सिमेटिडीन. अँटिहिस्टामीन आणि सेल्डेन. वेदनाशामक आणि मॉर्फिन. प्रतिसूक्ष्मजीवी आणि साल्व्हारसान.

मी अर्धा तास वाद घातला. प्रश्नच चुकीचा आहे, सिमेटिडीन तर खरं म्हणजे हिस्टामीनलाच विरोध करतं, त्या अर्थी त्याला अँटिहिस्टामीन म्हणणं जास्त जवळचं, वगैरे. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मामा, तुमचं सगळं बरोबर. चार मार्क तुम्ही देणार का?”

त्या रात्री वहीत तिसरा रकाना आला, लाल पेनने : ‘पेपरात काय लिहायचं’. जिथे दुकान आणि पुस्तक यांचं पटत नाही त्याच नावांपुढे तो भरायचा, इतरांपुढे रिकामा ठेवायचा. तो भरता भरता माझ्या लक्षात आलं की हा धडा ज्या ‘दैनंदिन जीवना’चा आहे ते जीवन माझ्या दुकानातलं नाहीच. सेल्डेन म्हणजे टरफेनाडीन. हृदयाच्या ठोक्यांवर धोकादायक परिणाम होतात म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं. माझ्या हाताखालून त्याची एक स्ट्रिपही गेलेली नाही. रॅनिटिडीनचं तर आमच्या डोळ्यांसमोर घडत होतं. त्यात एनडीएमए नावाची कर्करोगकारक अशुद्धी सापडल्यामुळे अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला सांगितलं, आणि आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून त्याचं नाव वगळलं गेलं. दुकानात खपतात ती पँटोप्राझोल आणि ओमेप्राझोल. ‘इक्वानिल’ आणि ‘मेप्रोबामेट’ ही पुस्तकात दोन औषधं असल्यासारखी येतात. इक्वानिल हे मेप्रोबामेटचंच बाजारातलं नाव. मुलं दोन्ही वेगवेगळी पाठ करतात, बिचारी.

कृत्रिम गोडव्यांचं उलट झालं. तिथे पुस्तक बरोबर होतं आणि गिऱ्हाइकं चुकत होती. अ‍ॅस्पार्टेम पुस्तकाच्या हिशेबाने साखरेच्या शंभर पट गोड, पण स्वयंपाकाच्या उष्णतेला टिकत नाही, म्हणून ते थंड पदार्थांत वापरायचं. डबीवर ‘फेनिलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही’ अशी सूचना असते, कारण त्याच्या रेणूत फेनिलअ‍ॅलॅनिन आहे. आणि आमचे मधुमेही लोक तीच गोळी उकळत्या चहात टाकतात. सॅकरिन ५५०, सुक्रॅलोज ६००, अ‍ॅलिटेम २०००. हे आकडे तिने चढत्या क्रमाने लिहिले आणि अ‍ॅलिटेमपुढे पुस्तकातलंच कारण लिहिलं : इतकं गोड की किती टाकायचं ते आवरता येत नाही.

साबणाला दुकानाची गरजच लागली नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात साबण लावला की फेसाऐवजी पांढरा चिकट मळ येतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे साबण पाण्यात विरघळत नाहीत हे वाक्य ती रोज सकाळी न्हाणीघरात अनुभवत होती.

जे दुकानात नव्हतं

एप्रिलमध्ये एकच कोपरा कोरा राहिला : ट्रँक्विलायझर. झोपेच्या आणि मनाच्या औषधांच्या कप्प्याला कुलूप असतं. त्यातलं काही चिठ्ठीशिवाय निघत नाही आणि बऱ्याच औषधांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते. तो कप्पा मी तिच्यासमोर उघडला नाही. डायझेपाम म्हणजे व्हॅलियम, क्लोरडायझेपॉक्साइड हे त्याचं भावंड, एवढं तोंडी सांगितलं. बार्बिट्युरेटांपाशी येऊन मी अडकलो. व्हेरोनल, अ‍ॅमिटल, नेम्ब्युटल, लुमिनल, सेकोनल. पाचपैकी चार माझ्या दुकानात कधी आलेली नाहीत. वर आमच्या भाषेत ती झोप आणणारी औषधं, पुस्तकात ट्रँक्विलायझर. म्हणजे पुन्हा लाल पेन.

पाचवं मात्र होतं. लुमिनल म्हणजे फेनोबार्बिटोन, आणि ते आजही फीट येणाऱ्या रुग्णांना देतात. कुर्डुवाडी रोडकडचा एक पोरगा दर महिन्याला वडिलांबरोबर त्यासाठी येतो. नावातच ‘बार्बि’ आहे. त्या एकाला धरून मी तिला बाकीची सांगितली : हे सगळे बार्बिट्युरिक आम्लाचे वंशज. व्हेरोनल हे त्यातलं सगळ्यात जुनं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. एमिल फिशर आणि जोसेफ फॉन मेरिंग या दोघांनी ते पुढे आणलं. सगळ्यांच्या शेवटी ‘अल’ येतं. आणि लगेच इशारा : इक्वानिलच्या शेवटी ‘इल’ आहे, ‘अल’ नाही. फसू नकोस.

खरं सांगायचं तर ही घोकंपट्टीच होती. दुकानात बसून तीन महिने मी तिला घोकू नको म्हणून सांगितलं, आणि शेवटी स्वतःच शेपट्यांवरून ओळखायची युक्ती दिली. तिने तसं बोलून दाखवलं नाही, पण हसली.

७ मे २०२३ ला सोलापूरचं केंद्र. पेपर दुपारी दोन ते पाच वीस. उन्हात मी फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा होतो. ती बाहेर आली, भौतिकशास्त्राबद्दल दोन शिव्या घातल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, “आपल्या धड्यावर आला. खालीलपैकी बार्बिट्युरेट कोणतं. क्लोरडायझेपॉक्साइड, मेप्रोबामेट, व्हॅलियम, व्हेरोनल.”

“मग?”

“शेपटी बघितली.” थोडं थांबून म्हणाली, “व्हॅलियमवर आधी नजर गेली होती. पण तो तुमच्या कुलपाच्या कप्प्यातला. तुमच्याकडे नाही तोच शोधत होते.”

म्हणजे रोजच्या वापरातली औषधं ओळखायला शिकवलेल्या पोरीने गुण मिळवले ते कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नसलेल्या औषधावर. अँटासिडवर, डेटॉलवर, सॅव्हलॉनवर काहीही आलं नाही. कुलुपांचं चित्र, दुधाळ पाणी, मामीचं कंडिशनर हे सगळं पेपरात बसून राहिलं, हात वर करून, कुणी नावच घेतलं नाही. याचा हिशेब मी अजून नीट लावू शकलेलो नाही. कप्प्यातलं काय ते पक्कं माहीत होतं म्हणून कप्प्याबाहेरचं ओळखू आलं, असं ती म्हणते. मला वाटतं, ती मामाचं मन राखते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नीट २०२४ चा नवा अभ्यासक्रम जाहीर झाला आणि त्यातून हा धडा अखेर गेला. तिची तीन रकान्यांची वही माझ्या काउंटरवरच राहिली. सध्या तिच्यावर बिलांचा काटा ठेवलेला असतो.

एमबीबीएसइतके गुण पडले नाहीत. तिने आयुर्वेदाच्या बीएएमएसला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाच्या दिवाळीआधी रात्री साडेनऊला तिचा फोन आला. दुकान बंद करत होतो, शटर अर्धं खाली.

“मामा, क्रिया शारीरच्या तासाला पित्त झालं. पाच प्रकार आहेत. पाचक, रंजक, साधक, आलोचक, भ्राजक.”

“बरं मग?”

“पाचक पोटातलं. आणि भ्राजक कुठलं, सांगा बघू?”

मी म्हटलं, अंगावरचं.

“कातडीतलं,” ती म्हणाली. “उद्या वहीत लिहून ठेवा. चौथा रकाना करा.”